झेलता येईल असा मोबाईल

काकांनी आयुष्यात कुणाला कुठली वस्तू हातात दिली असेल, यावर माझा विश्वास नाही. ते फेकायचे. जीपची किल्ली, मोजायचा टेप, पेन, केळं, जेवणाचा डबा, एकदा तर उकडलेलं अंडं. समोरच्यानं तयार असावं एवढीच त्यांची माफक अपेक्षा असे, आणि वस्तू हातातून सुटली की मग ते "झेल!" म्हणत. माझी त्यांची ओळख अशीच झाली. नागपूरजवळ, कुहीच्या पुढे एका गावात पाण्याची उंच टाकी बांधायचं काम आमच्या कंपनीनं घेतलं होतं. मी नवी इंजिनियर म्हणून तिथं रुजू व्हायला गेले. बसमधून उतरून, चालत साइटवर पोचून, इन्चार्ज साहेबांना, ज्यांना सगळे काका म्हणत, नमस्कार करायला हात जोडते तोच एक पिवळं हेल्मेट माझ्या दिशेनं उडत आलं. मी हात जोडलेलेच ठेवले. हेल्मेट माझ्या खांद्याला लागून मातीत पडलं.

"बाप्पा!" काका म्हणाले. "कॉलेजात झेलाले शिकवत नाई का वं?"

मला राग आला. मला तसाही राग लवकर येतो. पण आजूबाजूची सगळी माणसं इतकी मनापासून हसली की रागावून जायचं कुठे हा प्रश्न होता, कारण परतीची बस संध्याकाळी होती. मी हेल्मेट उचललं, झटकलं, डोक्यावर घातलं आणि कामाला लागले.

पुढं कळलं की काका माणसं पारखायचे ती अशी. डिग्री कुठली, मार्क किती, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. पण नवा माणूस कसा झेलतो हे ते बारकाईनं पाहत. जो घाबरून तोंड फिरवतो त्याला ते वर चढू देत नसत. जो वस्तूवर झडप घालतो त्याच्याबद्दल म्हणत, "हा भांडखोर आहे, याले हिशेबाले बसवा." आणि जो हात जरा मागं घेत, वस्तूला आपल्या हातात येऊ देत झेलतो, तो त्यांचा लाडका. "वस्तूले धराचं नसते, मॅडम. तिले घरी येऊ द्याचं असते." ते मला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती याचा मला शेवटपर्यंत अंदाज आला नाही.

या फेकाफेकीचं मूळ विटांत होतं. बांधकामावर विटा वर पोचवायच्या तर माणसं एकावर एक उभी राहतात, एक खाली, एक परांचीवर, एक त्याच्या वर. खालच्यानं वीट फेकायची, वरच्यानं झेलायची. चांगली फेकलेली वीट वर पोचते तेव्हा तिचा जोर नेमका संपलेला असतो. ती क्षणभर हवेत थांबते आणि तेवढ्यात तिला घ्यायचं. काकांचे आईवडील दोघंही नागपुरात बांधकामावर मजुरी करायचे. वडील फेकायचे, आई झेलायची. काका लहानपणी त्या विटांच्या खालीच वाढले, सुट्टीत स्वतःही साखळीत उभे राहिले, मग पॉलिटेक्निकातून डिप्लोमा केला, आणि ओव्हरसियर होऊन त्याच परांच्यांवर परत आले. आई डोळे मिटून वीट झेलायची असं ते सांगत. मी विश्वास ठेवला नाही तर म्हणत, "नको ठेवू. तिचं काय अडलं?"

एकूण माणूस विक्षिप्त, यात शंका नव्हती. काँक्रीट टाकून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याला उलट्या हातानं शिवून पाहत, आपण तापलेल्या लेकराचं कपाळ पाहतो तसं, आणि "बरा आहे" असं जाहीर करत. दसऱ्याला साइटवर अवजारांना हळदकुंकू वाहिलं जाई. काका पूजेला थांबत नसत. आदल्या संध्याकाळी ते सगळी अवजारं स्वतः घासूनपुसून ठेवत आणि दसऱ्याला पांढरेशुभ्र कपडे घालून घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर जात. त्या दिवशी काँक्रीटची गाडी सोन्यानं भरून आली असती तरी त्यांनी ती परत पाठवली असती. डब्यात भिवापुरी मिरचीचा ठेचा नसेल तर ते जेवणाला जेवण म्हणत नसत. आणि उन्हाळाभर त्यांच्या शर्टाच्या खिशात कांदा असे. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे पुष्कळ लोक खिशात कांदा बाळगतात, त्याचं नवल नाही. नवल हे, की काका कांदा आणि मोबाईल एकाच खिशात ठेवत. का, तर "त्यालेबी ऊन लागते."

मोबाईल. इथून खरी गोष्ट सुरू होते.

काकांचा मोबाईल ऊन लागून कधीच मेला नाही, कारण तेवढा तो जगतच नसे. वरून कुणी विचारलं, "काका, नकाशात सळई किती जाडीची दाखवली आहे?" की काका नकाशाचा फोटो उघडत आणि "झेल!" म्हणून मोबाईलच वर फेकत. वर इंदूबाई असली तर काही भीती नव्हती. इंदूबाई आमची सगळ्यात जुनी मजूर, आणि तिच्या हातून वस्तू सुटलेली कुणी पाहिली नव्हती. पण इंदूबाई सुट्टीवर असली की कंपनीला नवा मोबाईल घ्यावा लागे. नागपूरच्या ऑफिसात काकांच्या नावानं फुटक्या मोबाईलांचं एक खोकंच होतं.

तर एका मे महिन्यात आमच्या छोट्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांच्या मुलानं, ठरवलं की आता सगळ्या साइट्सवर एकच दणकट, साइटसाठीच बनवलेला मोबाईल द्यायचा. रोजचं काम, सळयांचे फोटो, काँक्रीट टाकण्याआधीची तपासणी, सगळं इन्चार्जनं जिथल्या तिथं, स्वतः त्यात भरायचं. ते ऑफिसात दिसलं की मगच काँक्रीट टाकायची परवानगी. "जो भरणार नाही, तो साइटवर राहणार नाही," साहेबांनी सगळ्या इन्चार्जांना बोलावून सांगितलं. मग म्हणाले, "आणि मोबाईल कोणता घ्यायचा ते काका ठरवतील. ज्यानं सगळ्यात जास्त फोडले त्याच्याइतकं कुणाला कळणार?"

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं कुणीतरी मागून म्हणालं. सगळे हसले, काकाही हसले. मी हसले नाही, कारण मला एक गोष्ट माहीत होती जी त्या खोलीत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती.

काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. सुरुवात कधी झाली सांगता येत नाही. आधी ते चहा अर्धाच कप घ्यायला लागले. मग सही करायची वेळ आली की कागद माझ्याकडे सरकवून "तू कर, मी आहे ना इथंच," म्हणू लागले. एकदा जीपमध्ये मी सरळच विचारलं. त्यांनी गाडी चालवता चालवता सांगून टाकलं. डॉक्टरला दाखवलंय, गोळ्या सुरू आहेत, हे काही बरं होणारं नाही, पण मरणारंही नाही. गंमत अशी, की फेकताना हात अजिबात थरथरत नसे. जड काही उचलतानाही नाही. एखादी बारीक, नाजूक गोष्ट करायला गेलं किंवा नुसता रिकामा ठेवला की तो नाचायला लागे. "त्याले काम मोठं पायजे," काका म्हणाले. "बारीक काम दिलं की त्याले राग येते. तुयासारखा आहे."

आता नुसत्या बोटानं चालणाऱ्या मोबाईलवर हा हात काय करणार? मी पाहिलं होतं. एक आकडा दाबायला जात तर तो तीनदा उमटे, नाहीतर शेजारचाच उमटे. आतापर्यंत मोबाईल फेकून त्यांचं भागत होतं. ते फेकत, बाकीचे दाबत. पण आता नियम आला होता. स्वतः भरायचं, नाहीतर नागपूरला ऑफिसात येऊन बसायचं. आणि काकांना ऑफिसात बसवणं म्हणजे... मला तर कल्पनाच करवेना. ते कुणाच्या घरी पाहुणे गेले तरी दारातच उभे राहून गच्चीचं पाणी कुठून जातं ते विचारणारे गृहस्थ.

मोबाईल विकणारा माणूस पुण्याहून आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, बॅगेत तीन नमुने. त्यानं आल्या आल्या एक मोबाईल डोक्याइतक्या उंचीवरून ऑफिसच्या पायरीवर टाकून दाखवला आणि तो उचलून सगळ्यांना फिरवून दाखवला. ओरखडाही नव्हता.

"छान," काका म्हणाले. "पन आम्ही पाडत नाई."

"म्हणजे?"

"आम्ही फेकतो. पडल्यावर तो जगते का ते तुम्ही पाहा. तो पडू नये ते मी पाहतो."

पुढच्या आठवड्यात ते तीन मोबाईल साइटवर राहायला आले आणि त्यांची बारशीही झाली. पहिला दिसायला सगळ्यात देखणा, त्याचं नाव 'गुळगुळीत'. दुसरा जाडजूड, वर लहानसा पडदा आणि खाली उठावदार मोठ्या बटनांच्या ओळी, तो 'बटनवाला'. तिसरा रुंद, चपटा, कडांना खाचा असलेला, सगळाच्या सगळा पडदा, तो 'पाटी'.

काका खाली आणि इंदूबाई परांचीवर असा तीन दिवस खेळ चालला. पुण्याचा माणूस पहिल्या दिवशी पाहायला थांबला होता. दुसऱ्या फेकीनंतर तो सावलीत जाऊन बसला. इंदूबाईचा निकाल लगेच आला. "हा गुळगुळीत सुटते, काका. ओल्या साबनावानी हाय. बटनवाला वीट हाय, वीट. मस्त बसते हातात. पाटीबी बसते, तिच्या कडेले बोटं गुंततात."

मग मे महिन्यातलं ऊन. काकांनी तिन्ही मोबाईल भर दुपारी जीपच्या बॉनेटवर ओळीनं मांडले आणि आम्ही जेवायला बसलो. जेवून येतो तर गुळगुळीत साहेब 'मी तापलोय, मला थंड होऊ द्या' अशा अर्थाचं काहीतरी पडद्यावर लिहून बेशुद्ध पडले होते. काकांना त्याची खरंच दया आली. त्यांनी त्याला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून माठाशेजारी निजवलं आणि उशाशी आपल्या खिशातला कांदा ठेवला. तो संध्याकाळी शुद्धीवर आला, पण कांद्याचा वास त्याला जन्माचा लागला. पुण्याच्या माणसानं तो परत घेताना दोन बोटांत धरला होता.

पाटीची परीक्षा इंदूबाईनं न सांगताच घेतली. साइटवर रोज संध्याकाळी सिमेंट वाळायच्या आत सगळं सामान पाण्याच्या टाक्यात धुवायचं असतं, घमेली, थाप्या, फावडी. पाटी सिमेंटनं माखून घमेल्यात पडली होती. इंदूबाईनं ती घमेल्यांबरोबर टाक्यात बुडवली, काथ्यानं खसाखसा घासली आणि थाप्यांच्या रांगेत उपडी वाळत घातली. मी ओरडत धावले. उचलून पाहते तर पाटी चालू, आणि अशी लख्ख की आल्या दिवशीही नव्हती.

"मले काय ठाऊक?" इंदूबाई म्हणाली. "सामान म्हनून आलं, सामान म्हनून धुतलं."

उरले दोन, बटनवाला आणि पाटी. काकांचा कल बटनवाल्याकडे होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तो त्यांना वापरता येत होता! त्याची बटनं जोर लावून दाबावी लागत, नुसत्या थरथरणाऱ्या बोटाच्या स्पर्शानं काही होत नसे. त्यांनी त्यात अख्खा एक दिवसाचा अहवाल स्वतः भरला. जीभ दातांत धरून, घाम पुसत, शाळेतल्या पोरासारखं. भरून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून टाळ्याच वाजवल्या. मला खूप आनंद झाला होता. बटनवाला आला की काका राहिले, इतकं ते सोपं होतं. पाटीवर मात्र त्यांचं एक अक्षर धड उमटेना. मी मनातल्या मनात पाटीला नापास करून टाकलं.

बटनवाल्यात एकच खोट होती. त्याचा पडदा लहान आणि मंद, उन्हात त्यावर काही म्हणजे काही दिसत नसे. सावलीत जाऊन पाहिलं की झालं, असं मी म्हणत होते. उंच टाकीच्या परांचीवर सावली कुठली, हे मी स्वतःला विचारलं नाही.

अशात एके दिवशी टाकीच्या खांबांना जोडणाऱ्या वरच्या तुळईची तपासणी होती. मी बटनवाला घेऊन वर चढले. इंदूबाई वरच होती. ऊन डोक्यावर आलेलं. मी सळया मोजल्या, भरायला गेले, तर पडदा कोरा. एका हातानं मोबाईलवर आडोसा धरला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटनं चाचपली. तरी दिसेना. मग स्वतःचीच सावली त्यावर पडावी म्हणून मी वळले, अजून थोडी वळले, आणि पडद्यात डोळे घालून एक पाऊल मागं गेले. सामान वर घेण्यासाठी त्या बाजूचा कठडा काढलेला होता. हे मला माहीत होतं. सकाळी मीच काढायला सांगितला होता.

"मॅडम, खाली बस!"

काकांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. साइटवर पहिली गोष्ट शिकवतात ती हीच: वर असताना कुणी 'बस' म्हटलं की विचार करायचा नाही, बसायचं. मी धपकन बसले. माझी उजवी टाच फळीच्या बाहेर होती. इंदूबाईनं माझा दंड धरून मला आत ओढलं आणि मग ती स्वतःच माझ्याशेजारी मटकन बसली. 

काका वर आले. मोबाईल अजून माझ्या मुठीत होता. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. फेकायला सांगितलं नाही, हात पुढं करून घेतला. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसून राहिले आणि त्यांचा तो हात बटनवाल्यासकट थडथडत होता.

परत येताना काकांनी जीप रस्त्याला लावली. मग ते म्हणाले, "काय दिसून राहिलं होतं तुले त्याच्यात?"

"काहीच नाही, काका."

"म्हनून मागं सरकली?"

"हो. पण चूक माझी आहे. मी पाहायला हवं होतं. आपण वर छत्री बांधू काका, तिच्याखाली उभं राहून भरायचं. नाहीतर दुपट्टा धरू." मी बोलतच सुटले. मला कळत होतं ते काय विचार करताहेत आणि मला तो विचार पुरा होऊ द्यायचा नव्हता.

"तुया डोक्यावर छत्री मी बांधन," काका म्हणाले. "बाकी साइटांवर कोन बांधन?"

पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरच्या ऑफिसात गेलो. छोटे साहेब होते, पुण्याचा माणूस लॅपटॉप उघडून बसला होता. काकांनी काही प्रस्तावना केली नाही. पिशवीतून पाटी काढली आणि "झेला, साहेब!" म्हणून टेबलावरून साहेबांकडे फेकली. साहेबांनी घाबरत का होईना, झेलली.

"बसली ना हातात?"

"बसली."

"हेच घ्या. उन्हात दिसते, तापत नाई, धुतलं तरी मरत नाई. बायाले झेलता येते. हातमोजा घालूनबी चालते."

साहेब खूश झाले. म्हणाले, "वा! मग आता आजचा एक अहवाल भरून दाखवा, काका. म्हणजे सगळ्यांना सांगता येईल की काका भरू शकतात तर तुम्हाला काय झालं."

काकांनी आपला उजवा हात खिशातून काढला आणि टेबलाच्या काचेवर ठेवला. लपवला नाही, दुसऱ्या हातानं दाबूनही धरला नाही. बोटं काचेवर टकटक वाजत होती. पुण्याच्या माणसानं मान खाली घातली.

"मले नाई भरता येत," काका म्हणाले. "माहा हात हालते. दुसरा घेतला असता तं मी भरलं असतं, या मॅडमनं पाहिलं आहे. पन हेच घ्या."

साहेबांनी पाटी टेबलावर ठेवली. माणूस वाईट नव्हता. त्यांना लहानपणी त्यांच्या वडिलांच्या साइटवर काकांनीच खांद्यावर बसवून फिरवलं होतं. ते म्हणाले, "मग आपण दुसराच घेऊ ना, काका. त्यात काय एवढं?"

"नाई. दुसऱ्यात पोट्टी खाली पडते."

"कोणाची मुलगी?"

"कोनाचीबी," काका म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.  मग ते म्हणाले की ठीक आहे, पाटीच घेऊ, पण नियम काकांना लागू नाही, काकांचं मॅडम भरतील, प्रश्न मिटला. मी जोरजोरानं मान हलवली. मी दिवसाचे चार अहवाल भरायला तयार होते.

"नियम आहे तं आहे," काका म्हणाले. "अन् गोष्ट मोबाईलची नाई, साहेब. वर चढताना एका हातानं धरा लागते. माहा धराचा हात हाच आहे, अन् आता तो धरतानाबी भरवशाचा नाई. उद्या मीच खाली आलो तं मले कोन झेलन?"

एवढं बोलून ते उठले आणि पुण्याच्या माणसाला म्हणाले की तुमचा गुळगुळीतही वाईट नाही, त्याला थंड गावाला पाठवा.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. खाली जीपपाशी मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्हाला हात दाखवायची काय गरज होती, आपण दोघांनी मिळून वर्षानुवर्षं निभावून नेलं असतं. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुयी टाच बाहेर होती वं." आणि किल्ली माझ्याकडे फेकली. त्या दिवशी जीप मी चालवली.

जूनमध्ये काका ऑफिसात गेले आणि साइट माझ्याकडे आली. पाट्या सगळीकडे वाटल्या गेल्या. त्यांच्या टेबलावर एक मोठा पडदा लावून दिला. सगळ्या साइट्सवरचे फोटो त्यावर येत आणि काका पाहून 'टाका' किंवा 'थांबा' सांगत. काम महत्त्वाचं होतं आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच जमलं नसतं. पण मी एकदा ऑफिसात गेले होते तेव्हा ते खिडकीशी उभे होते, आणि त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

श्रावणात टाकीच्या घुमटाचं काँक्रीट होतं, म्हणजे आमचं शेवटचं मोठं काम. मी सगळ्यात वर होते, इंदूबाई माझ्या शेजारी, बाकी माणसं घमेली घेऊन तयार, खाली मिक्सर फिरत होता. मी पाटीवरून काकांना व्हिडिओ लावला आणि घुमटाच्या सळया दाखवत हळूहळू गोल फिरले. ते बारकाईनं पाहत होते. एका ठिकाणी म्हणाले, "थांब. ती सळई वर उचल, खाली ठोकळा नाई दिसून राहिला." आम्ही सळईखाली सिमेंटचा छोटा ठोकळा सरकवला. आणखी एका जागी तार घट्ट करून घेतली. मग ते म्हणाले, "बरा आहे. टाक."

मी मिक्सरवाल्याला हात करणार, तेवढ्यात पाटीतून पुन्हा आवाज आला.

"मॅडम."

"हां, काका?"

"मोबाईल जरा बाहेरच्या बाजूनं कर."

मी पाटी बाहेर वळवली. खाली चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्यानं भरल्या होत्या. उशिरा सुरू झालेली रोवणी अजून चालली होती. बाया ओळीनं वाकून चिखलात रोपं लावत मागं मागं सरकत होत्या. पलीकडे कुहीकडे जाणारा रस्ता, त्यावर एक ट्रॅक्टर, आणि वर ढगांच्या फटीतून आलेलं थोडंसं ऊन. पाटीतून काही आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली.

"काका, दिसतंय का?"

"हलवू नको," ते म्हणाले. "धर तशीच."

मी पाटी दोन्ही हातांनी धरली. खाली मिक्सर घरघरत होता, घमेली घेतलेली माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

इंदूबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "काहून थांबली वं? मशीन चालू हाय ना."

"काका पाहून राहिले," मी म्हटलं.

इंदूबाईनं मागं वळून सगळ्यांना हातानं थांबायची खूण केली आणि डोक्यावरचं रिकामं घमेलं काढून खाली ठेवलं.